सत्कारानंतरचे चार महिने

माझा सत्कार झाला आणि त्याच्या चौथ्या दिवशी माझं जाणं पुढं ढकललं गेलं.

सत्कार झाला मे महिन्याच्या शेवटी, आमच्या धामणगाव बढ्याच्या बसस्टँडजवळ. तिथं बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती बाबांकडे आणून टाकतात आणि बाबा आतली जळकी तार काढून नवी भरून देतात. हात तारेत, तोंड गिऱ्हाइकाशी बोलण्यात, असं त्यांचं दिवसभर चालतं. त्या उन्हाळ्यात मोटर कधी मिळेल हे विचारायला आलेल्या प्रत्येकाला आधी माझी बातमी ऐकावी लागे.

"पोरगी कंबोडियाले चालली. दहा महिने. तिथल्या लेकरायले इंग्रजी शिकवाले."

"कोंबडिया?" समोरचा म्हणे. "हा कोणता देश काढला बे?"

बाबा चिडत नसत. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा आणून लावला होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते नकाशावर ठेवत आणि भारतापासून उजवीकडे नेत. टोक जिथं थांबायचं तिथं आठ-दहा दिवसांत तारेला लावायच्या वॉर्निशचा एक डाग पडला. कंबोडिया त्या डागाखाली गेला.

चौकातल्या दुकानदारांनी मिळून शाल आणि नारळ दिला, आणि माझा फोटो असलेला भला मोठा फ्लेक्स बसस्टँडच्या कोपऱ्यावर लावला. फोटो कॉलेजच्या फॉर्मवरचा होता, मोठा करताना माझे कान उगाच लांब झाले होते. भाषणात कुणीतरी गावाचं नाव सातासमुद्रापार गेल्याचं सांगून टाकलं. मग माझ्या हातात माईक आला आणि मागून आवाज उठला, "इंग्रजीत! इंग्रजीत बोल!" मी चार वाक्यं इंग्रजीत बोलले. तिसऱ्या वाक्याच्या मध्येच टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मला पाठवणाऱ्या संस्थेच्या बाईंचा पुण्याहून फोन आला. कंबोडियातल्या शाळेच्या मंजुरीचा कागद अजून यायचा होता. तो आल्याशिवाय व्हिसा नाही, व्हिसाशिवाय तिकीट नाही. "साधारण पंधरा दिवस धर," त्या म्हणाल्या. मी "हो मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. आई भांडी घासत होती.

"काय झालं?"

"पंधरा दिवस पुढं गेलं."

आईनं हातातलं पातेलं धुऊन पालथं घातलं. "मले बरं वाटलं," ती म्हणाली. "खोटं काऊन बोलू."

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. बुलडाण्याला बी.ए. केलं, इंग्रजी घेऊन. मग घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. पुढं बी.एड. करायचं, मग कुठंतरी शाळेत लागायचं, हे ठरल्यासारखंच होतं. कुणी ठरवलं होतं ते मात्र मला आठवत नाही. एक दिवस मुलांना वर्तमानकाळ-भूतकाळ शिकवता शिकवता मला असा काही कंटाळा आला की खडू हातातच राहिला. आयुष्यात मी पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव नागपूर होतं, तेही एका लग्नापुरतं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या मॅडमनी ग्रुपवर एक जाहिरात टाकली: शिक्षक नसलेल्या शाळांत दहा महिने इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवेत, राहणं-खाणं-प्रवास संस्थेकडून. मी कुणाला न विचारता फॉर्म भरला.

आत्याला हे कळलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "मंग गॅप पडन ना?"

आमच्याकडे गॅप हा नापास झालेल्यांसाठीचा शब्द आहे. गॅप पडलेल्याला कोर्टाच्या कागदावर लिहून द्यावं लागतं की मधल्या वर्षात मी कुठं शिकत नव्हतो. मी हौसेनं गॅप पाडून घेते आहे हे आत्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

निवड झाल्यावर तीन महिने दर शनिवारी मोबाइलवर प्रशिक्षण झालं. आम्ही अठरा जण होतो, बहुतेक पुण्या-मुंबईचे. पहिल्या शनिवारी रेंज नव्हती म्हणून मी गच्चीवर चढले आणि घाईत बोलून गेले, "मॅडम, मले ऐकू येऊन नाही राह्यलं." एक मुलगी हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "कित्ती गोड! परत बोल ना," ती म्हणाली. त्यानंतर मी मराठीत बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते टाइप करून पाठवू लागले. इंग्रजीत बोलावं लागे तेव्हा मात्र मी दोन शब्दांत आटपायचे, कारण माझ्या इंग्रजीतही तेच ऐकू येत असणार असं वाटायचं. इंग्रजी शिकवायला निघालेली मी, आणि बोलायचं म्हटलं की माईक बंद करून बसणारीही मीच.

पंधरा दिवसांचे तीस झाले. फोन आला की आणखी पंधरा दिवस.

माझी बॅग बाहेरच्या खोलीत भरून उभी होती. अडतीवरच्या धान्याच्या काट्यावर मी तिचं वजनही करून आणलं होतं. एक एक करून मी त्यातले कपडे काढायला लागले, कारण चांगले कपडे सगळे तिच्यातच होते. काढायचे, घालायचे, धुऊन परत ठेवायचे. शिकवणीची मुलं मी आधीच दुसऱ्या बाईंकडे पाठवली होती, त्यांना परत बोलावणं बरं दिसलं नसतं. सकाळी उठून करायला काहीच नसे. पुस्तक उघडलं की दोन पानांत उठायचे. पाणी प्यायचे. मेल बघायचे. गच्चीवर जायचे, खाली यायचे. आई म्हणायची, "बस ना एका जागी. तुले पाहून माह्या पायाले गोळे येऊन राह्यले."

बाहेर जाणं त्याहून कठीण. किराणा आणायला गेलं तरी प्रश्न यायचा, "अजून इथंच?" बसस्टँडवर माझाच फ्लेक्स होता आणि त्याच्याखाली उभं राहून मला तालुक्याला, मोताळ्याला जायची बस पकडावी लागे. एकदा एका बाईनं फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग परत फोटो पाहिला. "तुह्यी बहीण का?" तिनं विचारलं. मी "हाव" म्हणाले.

बाबांचं आणखी वेगळंच. ते खोटं बोलायला लागले. मी डबा घेऊन दुकानात गेले होते तेव्हा माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "पुढच्या सोमवारी जाते ना. तिकीट आलं." मी डबा टेबलावर ठेवला.

गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, "बाबा, कोणतं तिकीट?"

"येईनच ना आता."

"आलं नाही तं?"

ते स्टार्टरचं झाकण उघडून आत बघत बसले.

जुलैत एके दुपारी जोराचा वारा सुटला आणि फ्लेक्सचं एक टोक सुटून फडफडायला लागलं. माझा अर्धा चेहरा दुमडून मागं गेला होता, नुसता एक लांब कान दिसत होता. बस यायला वेळ होता. समोरच्या चहावाल्याकडून मी स्टूल घेतलं, वर चढले आणि दोऱ्या तोडून फ्लेक्स खाली उतरवला. चार-पाच माणसं बघत होती. गुंडाळी करून मी ती खांद्यावर घेतली आणि मोताळ्याला न जाता सरळ घरी आले.

बाबा संध्याकाळी आले ते तापलेलेच. "काऊन काढला तू थो?"

"माझाच होता ना."

"तुहा नव्हता. गावानं लावला होता. लोक काय म्हणतीन?"

"लोक आता काय म्हणून राह्यले ते तुमाले माहीत नाही का? सोमवारी जाते म्हणून सांगता तुम्ही. गेले दोन सोमवार मी दुकानासमोरून जाऊन नाही राह्यली. मागच्या गल्लीतून येते मी घरी."

बाबांचा चेहरा पडला. मला आणखी बोलायचं होतं आणि मी बोललेही. मी म्हणाले की मी कुठं चालले ते तुम्हाला नीट माहीतही नाही, तुम्हाला फक्त सांगायला काहीतरी पाहिजे होतं. हे बोलताना मला कळत होतं की आपण जास्त बोलतो आहोत, पण थांबता आलं नाही. बाबा न जेवता दुकानाकडे निघून गेले. आईनं फ्लेक्सची गुंडाळी उलगडली आणि अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर झाकली, चुलीचं सरपण भिजू नये म्हणून. फोटोची बाजू तिनं खाली ठेवली.

दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून फोन केला. "इकडं ये. आपा आल्या आहेत. तुह्याशी बोलाचं म्हणतात."

आपा म्हणजे उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दुकानाच्या मागच्या मोहल्ल्यात राहायच्या. त्यांना मी ओळखत होते ते एवढंच, की रस्त्यातून जाताना म्हातारी माणसंही त्यांना बाजू देतात. त्या कूलरची मोटर घेऊन आल्या होत्या आणि बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच कुणालातरी खरं सांगितलं होतं, की पोरीचं अडकलं आहे, आणि ती घरात जीव खाऊन राहिली आहे.

आपांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इंग्लिश कसं शिकवशील तिथं?"

"म्हणजे... पुस्तक आहे, चित्रं आहेत. मी तीन वर्षं शिकवण्या घेतल्या, आपा."

"मराठीतून."

"हो."

"तिथं मराठी कोण समजणार?" त्या म्हणाल्या. "बेटा, तीस साल मी इंग्लिश शिकवली. उर्दूतून. मुलं पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पण एक बोलला नाही. एक पण नाही. मला ते आता समजतं, आता काय फायदा. तू माझ्या घरी ये. हफ्त्यातून तीन दिवस, दुपारच्या नमाजनंतर. मोहल्ल्यातल्या बाया जमवते मी. त्यांना शिकव. पण अट आहे. घरात पाय टाकला की मराठी बंद, हिंदी बंद."

आपांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर सात बायका बसल्या होत्या. एक बांगड्यांचं दुकान चालवायची, दोघी शिवणकाम करायच्या, एक नवीन लग्न होऊन आली होती, बाकीच्या घरातल्याच. मी पुस्तक वर धरलं आणि म्हणाले, "धिस इज अ बुक."

बांगडीवाली म्हणाली, "वो तो मालूम है बेटी. आगे बोल."

सगळ्या हसल्या. मी पेन धरलं, खिडकी दाखवली, दार दाखवलं. सगळं त्यांना माहीत होतं. मग मी एक लांब वाक्य बोलले आणि त्यांना काहीच कळलं नाही. मी तेच वाक्य जोरात बोलले. मग आणखी जोरात. शेवटी माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हणजे मी काय म्हणून राह्यली..." आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आपांनी नुसतं बोट वर केलं. मी घामाघूम झाले. पाऊण तासाचा वर्ग वीस मिनिटांत संपवून मी बाहेर पडले.

घरी आल्यावर आईला सांगितलं, "मी नाई जात उद्यापासून."

"कुठं? कंबोडियाले का आपाच्या घरी?"

"दोन्हीकडं."

आई भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "तुह्या बाबानं पहिली मोटर भरली होती थे एका दिवसात जळाली होती. गिऱ्हाईक काठी घेऊन आलं होतं." बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग? "मंग काय, दुसरी भरली."

गुरुवारी मी परत गेले. पण त्याआधी दिवसभर मी एक यादी केली होती. बायका आपसात बोलताना इंग्रजीचे जे शब्द वापरत होत्या ते आठवून आठवून लिहिले: रिपोर्ट, ऑपरेशन, चार्जर, सिलिंडर, शुगर, डिलिव्हरी, टेन्शन. हे शब्द त्यांच्याकडे आधीच होते, नव्हतं ते फक्त शब्दांच्या मागचं-पुढचं. मी चार्जर हातात घेतला आणि विचारलं, "व्हेअर इज माय चार्जर?" आणि तो उशीखाली लपवला. नवीन लग्न झालेल्या मुलीनं बोट दाखवलं. मी मान हलवून नाही म्हटलं, बोट नको, तोंडानं. ती गप्प राहिली. मला ते गप्प राहणं सहन होईना, मी उत्तर सांगून टाकलं.

वर्ग झाल्यावर आपा म्हणाल्या, "तू मुँह फार चालवतेस. विचारलं ना? मग चुप. मनात दहापर्यंत मोज. तुझ्यात बेचैनी आहे, ती त्यांच्यावर टाकू नको."

दहा मोजणं मला त्या चार महिन्यांतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जड गेलं. पाचपर्यंत आलं की हात शिवशिवायचे, सातपर्यंत आलं की वाटायचं, हिला येत नाही, हिला लाज वाटते आहे, मी हिचा अपमान करते आहे. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी आठपर्यंत पोचले आणि ती नवीन मुलगी, जी घरातही कुणाशी बोलत नाही असं बाकीच्या म्हणायच्या, हळूच म्हणाली, "अंडर... अंडर द पिलो." बांगडीवालीनं तिच्या पाठीवर एक थाप मारली. मुलीनं ओढणीत तोंड लपवलं. मी कोपऱ्याकडे पाहिलं, आपा खिडकीबाहेर बघत होत्या. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला आणि परत लावला.

त्या दिवशी मी मागच्या गल्लीतून न जाता दुकानासमोरून घरी गेले. बाबा एका मोटरीवर वाकले होते. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसून मी म्हणाले, "बाबा, मी त्या दिवशी लय बोलली."

"हाव," बाबा म्हणाले. तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मी बी लयच सांगत फिरलो."

ऑगस्टच्या शेवटी संस्थेच्या बाईंचा परत फोन आला. या वेळी त्यांचा आवाज मोकळा होता. आधी ठरलेल्या शहराजवळच्या शाळेचं काम होणार नव्हतं. सीमेकडच्या एका खेड्यातली शाळा तयार होती, तिथं वीज जाते-येते, जवळचा बाजार तासाभरावर. "नक्की तारीख मी सांगू शकत नाही. तुला माघार घ्यायची असेल तर कुणी काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. तिकडं बी.एड.च्या प्रवेशाची यादी लागली होती. मी प्रवेश परीक्षा देऊन ठेवली होती, आणि बुलडाण्याच्या कॉलेजात माझं नाव आलं होतं. प्रवेश पक्का करायला चार दिवस होते.

घरात बैठक बसली. बैठक म्हणजे बाबा, आई आणि मी, आणि मध्ये भुईमुगाच्या शेंगांची परडी.

बाबा म्हणाले, "सीट सोडू नको. हातचं सोडून हवेतलं काऊन धराचं? कोणी काही बोललं तं मी पाहून घेईन." मला पाठीशी घालायला ते बोलत होते, आणि मला एकदम हायसंही वाटलं. संपलं तर संपलं. कुणीतरी ठरवून टाकलं.

आई शेंगा फोडत होती. सगळ्यांना वाटत होतं, ती बाबांच्याच बाजूची. सुरुवातीपासून तिला मी जायला नको होते, तिनं ते लपवलं नव्हतं.

"नको घेऊ ॲडमिशन," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तूच तं म्हणत होती..."

"म्हणत होती. अजून बी म्हणते, इथंच राह्यली तं मले बरं. पण ही राहून नाई राह्यली ना. तीन महिने झाले, हिनं बॅगेतले कपडे कपाटात ठेवले नाई. बुलडाण्याले जाईन, वर्गात बसन, अन् तिथं बी मेलच पाहत राहीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले जाचं आहे का, एवढं सांग. बाबाले काय वाटते, आपाले काय वाटते, थे सोड."

मी परडीतली एक शेंग उचलली. मी त्या वीज जाणाऱ्या-येणाऱ्या खेड्याचा विचार केला, भाषा न कळणाऱ्या माणसांचा विचार केला आणि भीती वाटली. बुलडाण्याच्या कॉलेजचा विचार केला तेव्हा काहीच वाटलं नाही.

"जाचं आहे," मी म्हणाले.

प्रवेशाची मुदत संपली त्या दिवशी मी घड्याळाकडे बघत बसले होते. पाच वाजून गेल्यावर मोठी चूक केल्यासारखं वाटलं आणि ते वाटणं पुढं तीन आठवडे टिकलं. त्या तीन आठवड्यांत मी आपांकडचा एकही वर्ग चुकवला नाही. शिवणकाम करणाऱ्या दोघी आता माझं माप इंग्रजीत घेऊन दाखवायच्या. एकदा मला मराठीत विचारावंसं वाटलं की तुम्हाला खरंच काही उपयोग होतो का याचा. विचारलं नाही, अट होती. पण बांगडीवालीनं स्वतःच सांगितलं, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, की मुलीच्या शाळेतल्या मीटिंगमध्ये तिनं पहिल्यांदा उभं राहून प्रश्न विचारला. काय विचारलं? "व्हाय नो लायब्ररी?" मग? तिनं हात झटकला. "सर सेड, नेक्स्ट इयर." आणि ती एवढी हसली की बांगड्या वाजल्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेल आला. कागद, व्हिसा, तिकीट, सगळं तीन दिवसांत. चार महिने वाट बघून शेवटी मला शांतपणे निघायलाही वेळ मिळाला नाही. औषधं, फोटोच्या प्रती, सिमकार्ड, मेतकुटाचा डबा. हे घे, ते ठेव, ते काढ. या वेळी बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला तेही कसंतरीच वाटलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासोबत दुकानात बसले आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच सांगितलं, "उद्या चालली मी." बाबा खाली मान घालून तार भरत होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आपांना भेटायला गेले तेव्हा दारातच त्यांनी बोट वर केलं. मी इंग्रजीत निरोप घेतला. त्यांनीही इंग्रजीतच उत्तर दिलं, अगदी सावकाश, प्रत्येक शब्द निवडून. तीस वर्षं ती भाषा शिकवलेल्या बाईला ती बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मलकापूरहून मुंबईची गाडी सकाळची होती. शेजाऱ्यांची जीप होती, पुढं बाबा, मागं आई आणि मी. वाटेत आई काहीतरी सांगत होती, पाण्याबद्दल, उकळून पिण्याबद्दल, आणि मी हाव-हाव करत तिकीट पुन्हा पुन्हा बघत होते. स्टेशनवर गाडी वेळेवर आली, माझा डबा जिथं यायला पाहिजे तिथून बराच पुढं थांबला, आणि आम्ही तिघं बॅगा घेऊन पळालो. बाबांनी मोठी बॅग दारातून आत ढकलली. मी चढले, माझ्या जागेवर कुणी बसलं होतं, त्यांना उठवलं, बॅग खाली सरकवायला लागले, ती अडकली, वाकून ओढली. एवढ्यात गाडी हलली. दारापर्यंत लोकांना बाजूला सारत आले तोवर प्लॅटफॉर्म मागं गेला होता. मी दांडी धरून वाकून पाहिलं. लांब माणसं दिसत होती, त्यात आमची कुठली ते ओळखता आलं नाही. तरी मी हात हलवला.

चार महिने मी ज्या क्षणाची वाट बघितली तो असा बॅग ओढण्यात गेला. मी जागेवर येऊन बसले. बाहेर कपाशीची शेतं मागं पळत होती, पावसानंतरची, हिरवीगार, आणि मला एकदाही त्यांच्याकडे नीट बघता आलं नाही. मी उठले, बसले, परत उठले.

फोन वाजला. बाबा होते.

"दिसली नाई तू," ते म्हणाले. "आम्ही खिडक्या पाहत होतो."

"बॅग लावत होती, बाबा."

"बसली का नीट?"

"बसली."

मागून आईचा आवाज आला, काय म्हणते ते गाडीच्या खडखडाटात कळलं नाही. मी विचारलं, आई काय म्हणते?

"काही नाई," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझा डबा आणि सीट नंबर विचारला, जो त्यांना पाठ होता, आणि मी सांगितला.